एकाच थानातले दोन शर्ट

माझ्या कपाटात आज बावीस शर्ट आहेत आणि त्यांतला एकही मी निवडलेला नाही. ही तक्रार नाही, मोजून सांगतो एवढंच. आमच्याकडं लग्न, बारसं, वास्तुशांती, काहीही असलं तरी पुरुषाला आहेरात कापड येतं. शर्टपीस, पँटपीस, वर टॉवेल-टोपी. ज्याच्या घरचं कार्य तो दुकानातून गठ्ठ्यानं पीस आणतो आणि कुणाच्या पुड्यात कोणता रंग जाईल हे त्यालाही ठाऊक नसतं. बहुतेक घरांत हे पीस पुढं फिरतात. एका लग्नात आलेला दुसऱ्या लग्नात जातो, आणि कधीकधी नात्यागोत्यात फिरून पुन्हा पहिल्याच घरी येतो. मला हे पटत नाही. आपल्याला दिलेलं आपण अंगावर घालावं, असं माझं मत आहे. म्हणून आलेला प्रत्येक पीस मी शिवून घेतो.

धाराशिवात माझा टेलर ठरलेला आहे. माझं माप त्याला पाठ आहे. छाती चाळीस, खांदा साडेसतरा, लांबी साडेएकोणतीस, पूर्ण बाही, डावीकडं खिसा, खाली गोल कट. पोटाचा आकडा तेवढा मधे दोनदा वाढला, बाकी काही हललं नाही. लांबी साडेएकोणतीस आणि गोल कट यासाठी की मी इन करतो. आमच्याकडं शर्ट पँटीत खोचण्याला इन म्हणतात, आणि इन केलेल्या माणसाकडं लोक कागद वाचायला देतात, रस्ता विचारतात, भांडणात पंच म्हणून बोलावतात. मी एका शाळेच्या कार्यालयात हिशेब बघतो. मला ते इन शोभतं असं मी धरून चाललो होतो. खरं तर शोभण्याचा विचारच केला नव्हता.

घरी मी बनियन आणि लुंगीवर असतो. म्हणजे माझे कपडे दोनच प्रकारचे: ऑफिसचे आणि उघड्यासारखे. मधलं काही नव्हतं. रविवारी कुणी दारात आलं की मी त्याला बसायला सांगून आत जायचो आणि पँट, शर्ट, पट्टा असं सगळं करून बाहेर यायचो. तोवर पाहुण्याचा चहा संपलेला असायचा. समोरचा विचारायचा, कुठं निघालाव का? निघालो कुठंच नसायचो. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. ती सुट्टीला आली की म्हणायची, बाबा, तुमच्याकडं कॅज्युअल काहीच नाही. मी म्हणायचो, लागतंय कशाला.

लागतंय कशाला, हे मी तिला सांगायचो, पण मला लागत होतं. कारण आमचे वाशीकर.

वाशीकर म्हणजे माझे साडू. माझ्या बायकोची धाकटी बहीण आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला दिली आहे, तिचे मिस्टर. सासुरवाडी तेरला. तिथं जावयांना गावावरून हाक मारायची पद्धत आहे, म्हणून ते वाशीकर आणि मी धाराशिवकर. त्यांचं वाशीत बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. शिक्षण, पगार-उत्पन्न, जमीन, यांपैकी कशातच मला त्यांचा हेवा वाटला नाही. त्या बाबतीत मी समाधानी माणूस आहे. मला त्यांच्या शर्टाचा हेवा वाटायचा.

हे लिहायला सोपं नाही, पण तसंच होतं. हा माणूस काहीही घालायचा आणि ते त्याचं वाटायचं. कॉलर उसवलेला टी-शर्ट, धुऊन धुऊन रंग गेलेली पँट, पायात रबरी चपला. तेरच्या अंगणात यायचे आणि जिथं जागा दिसेल तिथं बसायचे. ओट्यावर, पोत्यावर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. उठले की मागं धूळ असायची आणि तीही जणू कापडातच विणलेली असावी अशी दिसायची. मी मात्र बसताना आधी रुमाल अंथरायचो, मग गुडघ्याजवळ पँट चिमटीत धरून वर ओढायचो, म्हणजे इस्त्री मोडू नये. उठलो की इन नीट करायचो. एवढं करूनही संध्याकाळी माझा शर्ट पाठीमागून फुगलेला असायचा आणि त्यांचा होता तसाच.

बायको एकदा परतीच्या बसमध्ये म्हणाली होती की वाशीकरांचं बरं असतंय, कुठंबी बसतेत. तिनं सहज म्हटलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मी त्याच्यावर तेरपासून धाराशिवपर्यंत विचार केला. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती, आणि माझ्या कपड्यांविषयी ती एकच वाक्य बोलत आली होती: इस्त्री झाली का. माझ्याकडं बघून तिनं कधी काही म्हटलं नव्हतं. चांगलं नाही आणि वाईटही नाही. त्या बसमध्ये मला पहिल्यांदा कळलं की मला काय पाहिजे होतं. तिनं ज्या सहजपणे वाशीकरांविषयी म्हटलं तसं एकदा माझ्याविषयी म्हणावं, एवढंच. न मागता म्हणावं. मागून मिळालं असतं तर ते मी धरलंच नसतं.

मग मागच्या धोंड्याच्या महिन्यात ते कापड आलं.

अधिक महिन्यात जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि कपडे करायचे, हे आमच्याकडं कुणी चुकवत नाही. सासूबाईंचं म्हणणं असं की दोघा जावयांत फरक नको. म्हणून सासऱ्यांनी एकाच थानातून दोन तुकडे कापून आणले होते. मुगाच्या कोवळ्या शेंगेसारखा फिका हिरवा रंग, सुती कापड, हाताला गार. प्रत्येकी अडीच मीटर. मी घरी आल्यावर मोजून बघितलं, बरोबर अडीच भरलं. इतक्या वर्षांत आहेरात आलेल्या कापडांमध्ये हे पहिलं असं होतं की जे दुकानात दिसलं असतं तर मी स्वतः घेतलं असतं. मी ते लगेच टेलरकडं टाकलं. नेहमीच्या मापानं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी तोच शर्ट घातला. पूर्ण बाही, मनगटाला बटण, काळी पँट, पट्टा, इन. तेरला पोचलो तर मांडवाच्या तोंडाशी वाशीकर उभे. तोच शर्ट. म्हणजे तेच कापड. पण त्यांचा कमरेखाली जरासा येऊन थांबलेला, मोकळा सोडलेला, बाह्या अर्ध्या, गळ्याचं एक बटण उघडं. मला बघून ते हसले आणि म्हणाले, आला का ह्याच थानातला दुसरा तुकडा. लोक हसले. मीही हसलो.

मी आत जात होतो तेवढ्यात सासरच्या लांबच्या नात्यातल्या एक म्हाताऱ्या बाई, ज्या मला ओळखत नव्हत्या, माझ्याकडं वरून खालपर्यंत बघून म्हणाल्या,

"मीटर मागल्या अंगाला हाय. चपला काढून जावा बाबा."

त्यांनी मला वीज मीटरचं रीडिंग घेणारा समजलं होतं. मी चपला काढल्या आणि मागल्या अंगाला गेलो, कारण आता खुलासा करणं जास्त अवघड होतं. तिथं थोडा वेळ उभा राहिलो. मीटर खरंच तिथं होतं. मी आकडा वाचला. सवय असते.

परत आलो तर ओट्यावर वाशीकरांभोवती तिघं-चौघं जमले होते आणि कापड कुठलं, कुठं मिळालं, असं विचारत होते. कापड कुठलं विचारत होते. तेच कापड घालून मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. स्वयंपाकघराच्या दारातून माझी बायको आणि तिची बहीण ते बघत होत्या. बायको बहिणीला म्हणाली, "कापड एकच, पण बघ की." आणि तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली आणि त्या दोघी आत गेल्या. वाक्याचा पुढचा भाग मला ऐकू आला नाही. ऐकायची गरजही नव्हती, तरी तो मी रात्रंदिवस स्वतःच पूर्ण करत राहिलो. दर वेळी वेगळा, आणि एकदाही माझ्या बाजूनं नाही.

दिवाळीच्या आधी मुलगी आली तेव्हा मी तिला म्हणालो की चल, मला काहीतरी कॅज्युअल घेऊ. ती इतकी खूश झाली की मला वाईट वाटलं. आम्ही रेडिमेडच्या दुकानात गेलो. तिनं गडद निळा टी-शर्ट काढला, गोल गळ्याचा, छातीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेला. अंगाला बसला. आरशात मी वाईट दिसत नव्हतो, फक्त मी दिसत नव्हतो. तो घालून बाजारात गेलो तर माझा हात सारखा डाव्या छातीकडं जायचा आणि रिकामा परत यायचा. चष्मा कुठं ठेवायचा? पेन कुठं? भाजीवाली सुटे देते ते कुठं? शेवटी मी दोन्ही हात पोटावर बांधून उभा राहिलो, जसा माणूस दवाखान्यात नंबर यायची वाट बघतो तसा. शाळेतले एक शिक्षक जवळून गेले आणि पुढं जाऊन परत वळून बघितलं.

घरी आलो. बायको शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर करून बघितलं आणि विचारलं,

"हा कुणाचा घातलाव?"

थट्टा नव्हती त्यात. तिला खरंच वाटलं की मुलीच्या ओळखीतल्या कुणाचा तरी आमच्या धुण्यात आला असेल. मुलगी हसून हसून लाल झाली. मी आत जाऊन तो काढला. त्याची घडी अजून तशीच आहे.

दुसऱ्या प्रयत्नात कुर्ता आणला. तो घालून फाटकात उभा राहिलो तर शेजारी म्हणाले, काय, ह्या टायमाला उभं राहायलाव का? कोणत्या वॉर्डातून? मी फाटक लावून आत आलो. म्हणजे मोकळं दिसायला निघालो की मी एकतर दुसऱ्या कुणाचा वाटत होतो, नाहीतर मतं मागणारा. आणि तिकडं वाशीत एक माणूस खताच्या पोत्यावर बसून, काहीही न करता, स्वतःसारखा दिसत होता. मला राग यायचा. त्याच्यावर राग यावा असं त्यानं काही केलेलं नव्हतं, त्यामुळं तो जास्तच यायचा.

भाऊबीजेला आम्ही दोन्ही कुटुंबं तेरला होतो. बायकोनं सोबत आणलेल्या कपड्यांत तो हिरवा शर्ट होता. आदल्या दिवशी तो मी घातला, आणि योगायोग असा की वाशीकरांनीही घातला होता. बहिणी-बहिणींनी सकाळी सगळं धुणं एकत्र केलं. दुपारी जेवून सगळे आडवे झाले. मला दुपारी झोप येत नाही. मी परसात आलो तर तारेवर दोन हिरवे शर्ट शेजारी शेजारी वाळत होते.

मी आधी नुसताच बघत उभा राहिलो. माझा लांब, खाली जिभेसारखा गोल, बाह्या लोंबत्या. त्यांचा आखूड, खाली सरळ रेघ मारल्यासारखा. मग माझ्यातला हिशेबवाला जागा झाला. टेप नव्हता, पण माझी वीत बरोबर साडेआठ इंच आहे, ती मी पूर्वीच मोजून ठेवलेली आहे. मी माझ्या शर्टाची लांबी मोजली, साडेतीन वितीला थोडी कमी. मग त्यांच्या शर्टाची मोजली. तीन विती आणि बोटभर. म्हणजे अंदाजे सव्वीस. घेर मोजला. त्यांचाच पाऊण इंचानं जास्त. मग मी खांदा मोजला, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच मी एवढं सगळं मोजत होतो. मला वाटायचं, त्यांचं अंगच तसं आहे, रुंद, बांधीव. आपलं तसं नाही, प्रश्न मिटला. खांदा सारखा निघाला. साडेसतरा. मी पुन्हा मोजला. साडेसतराच.

म्हणजे अंग नव्हतं. अंगाची सबब गेली. मला बरं वाटायला हवं होतं आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त जळलं.

"दाजी, काय मोजायलाव?"

मेहुणी मागं उभी होती, हातात चिमट्यांची टोपली. माझी वीत अजून तिच्या नवऱ्याच्या शर्टाच्या खांद्यावर पसरलेली होती. मी म्हणालो, कापड आटलंय का बघतोय. ती म्हणाली, त्यो तुमचा न्हाय, ह्यांचा हाय. मी म्हणालो, ठाऊक आहे. यावर तिनं टोपली खाली ठेवली. मग तिनं आत हाक मारली आणि वाशीकर डोळे चोळत बाहेर आले. सगळं ऐकून ते माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं आता हा माणूस हसणार आणि ही गोष्ट पुढच्या प्रत्येक कार्यात सांगणार. ते हसले नाहीत. म्हणाले,

"साडूभाऊ, त्यो शर्ट आखूड शिवलेला न्हाय. त्यो आखूड झालाय."

झालं असं होतं की अडीच मीटरमधून मेहुणीनं आधीच मीटरभर कापून घेतलं होतं. वाशीकरांच्या भाच्याला झबलं आणि शिलाई मशीनवर झाकायला आच्छादन. टेलरकडं गेलं ते दीड मीटर. टेलरनं म्हटलं, यात पूर्ण बाही बसणार नाही, गोल कट बसणार नाही, खिसा तर नाहीच. वाशीकर म्हणाले, जेवढं होतंय तेवढं कर. एवढंच. मी ज्याला त्यांची निवड म्हणत होतो, जिच्यामुळं मी चार महिने नीट झोपलो नव्हतो, तो कापडाचा तुटवडा होता. आणि त्या तुटवड्यात हा माणूस असा उभा राहिला होता की लोक कापडाचं दुकान विचारत होते.

हे कळल्यावर हेवा संपला असता तर मी हे लिहिलं नसतं. उलट तो वाढला. विचार करून कुणी चांगलं दिसलं तर आपणही विचार करू शकतो. विचार न करता कसं दिसायचं, हे मोजता येत नाही.

मेहुणीनं अर्थातच बहिणीला सांगितलं. परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली होती. ढोकी फाट्याच्या पुढं आल्यावर तिनं विचारलं की शर्ट खरंच मोजत होतात का. मी हो म्हणालो. खोटं बोलणं मला जमत नाही आणि तिथं जमवूनही उपयोग नव्हता. मग मी विचारलं की त्या दिवशी, सहस्रचंद्रदर्शनाला, कापड एकच पण बघ की, याच्या पुढं तू काय म्हणालीस? तिला आठवायला वेळ लागला. मी इतके दिवस जे वाक्य वागवलं होतं ते तिला आठवतही नव्हतं. मग म्हणाली,

"वाशीकरांना लई शोभायलंय, म्हणलं असंल. खोटं कशाला सांगू."

"आणि मला?"

"तुम्ही मला कधी विचारलाव? तुम्ही टेलरला विचारता."

मी म्हणालो, आता विचारतोय. तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. बसच्या त्या सीटवर जेवढं वळून बघता येतं तेवढं. आणि बोलायला लागली. कुणी पाठ केलेलं बोलावं तसं. तुम्हाला खिसा पाहिजे. खिसा नसला की तुमचे हात कुठं ठेवावेत ते तुम्हाला कळत नाही, त्या निळ्यात तुम्ही चोरासारखे उभे होता. गोल गळा नको, तुमची मान बारीक आहे, कॉलर पाहिजे. मनगटाचं बटण लावलं की तुम्ही सारखं घड्याळाजवळ ओढता, त्यापेक्षा बाह्या दोन घड्या दुमडा, हात चांगले आहेत तुमचे. आणि इन सुट्टीच्या दिवशी नको. इन केलं की तुम्ही घरात सुद्धा श्वास धरून बसता.

मी ऐकत राहिलो. मी धरून चाललो होतो की तिनं कधी बघितलंच नाही. हात चांगले आहेत, हे तिनं कधी बघितलं असेल याचा मी पुढचा सगळा रस्ता हिशेब करत होतो. तो लागला नाही. पण हेही लिहायला हवं की ते मी विचारल्यावर मिळालं होतं, आणि विचारून मिळालेलं मी धरणार नव्हतो. तसा माझा नियम होता.

टेलरकडं गेलो आणि हिरवा शर्ट टेबलावर ठेवला. म्हणालो, खालून कापून सरळ करा, लांबी सत्तावीस. तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, साहेब, ह्या वयात आखूड बरं दिसत न्हाय, तुमचं आपलं इनच चांगलं. मी म्हणालो, सत्तावीस. त्यानं अठ्ठावीस करून बघू म्हटलं. भाजीसारखी घासाघीस चालली. वाशीकरांचा सव्वीस होता. माझी उंची त्यांच्याहून इंचभर जास्त, म्हणून सत्तावीस, हे मी घरी काढून आणलं होतं आणि त्यापासून हलणार नव्हतो. शेवटी तो म्हणाला की बिघडलं तर मला बोलायचं न्हाय. मी कबूल केलं. खिशाला हात लावू दिला नाही.

शर्ट आला. रविवारी सकाळी घातला, बाह्यांच्या दोन घड्या केल्या, खिशात चष्मा आणि पेन ठेवलं आणि आरशासमोर गेलो. वाशीकरांसारखा दिसलो नाही. ते लगेच कळलं. त्यांच्यासारखं सैल काही माझ्यात नाही; खांदे मी आखडूनच धरतो आणि तो शर्टाचा दोष नाही. पण आरशात जो होता तो मीच होतो, सुट्टीवर असलेला. दारात दूधवाला आला तेव्हा मी बसल्या जागेवरून उठून तसाच बाहेर गेलो. त्यानं कुठं निघालाव असं विचारलं नाही. बायको आतबाहेर करत होती. मी तिच्या वाटेत दोनदा आलो. दुसऱ्यांदा तिनं मला बाजूला सरकवलं.

महिनाभरानं दोन्ही घरं मिळून सोनारीला गेलो, काळभैरवाच्या दर्शनाला. वाशीकर त्यांच्या गाडीतून आले आणि उतरले, आणि अंगावर तोच हिरवा. आता दोघांचा कट सारखा, लांबीत इंचाचा फरक. त्यांच्या शेजारी त्यांच्यासारख्याच कपड्यात मी उभा राहणार, आणि पुन्हा बघणाऱ्याला दोन्ही एकदम दिसणार. मी मागं मागं चालायला लागलो. देवळाबाहेर नारळवाला होता. त्यानं आम्हा दोघांकडं बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"बँड कुठला तुमचा? आमच्या पुतण्याचं लगीन हाय."

वाशीकर तिथंच पायरीवर बसून हसले. मेहुणी हसली. मी हसू की नको या विचारात होतो. माझी बायको नारळ वाजवून बघत होती. तिनं वर न बघताच, हातातला नारळ माझ्याकडं न देता पिशवीत टाकत म्हटलं,

"बँड न्हाय वो. खिशात चष्मा आन् पेन हाय ते आमचे. दुसरे वाशीकर."

एवढंच. कुणी तिला विचारलं नव्हतं. म्हणजे नारळवाल्यानं विचारलं होतं, पण मी विचारलं नव्हतं. नियमात बसत होतं.

दर्शन झाल्यावर आम्ही पारावर बसलो. तिथली माकडं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातातलं ओढतात, म्हणून मी खिशावर हात ठेवून होतो. दुसऱ्या हातानं सवयीनं रुमाल काढला, मग परत ठेवला आणि तसाच बसलो, धुळीत. वाशीकर थोडं लांब एका दगडावर पाय सोडून बसले होते आणि अर्ध्या नारळातलं खोबरं दातानं काढत होते. शर्टावर पाणी सांडलं होतं, मागं माती होती. ते चांगले दिसत होते. माझ्यापेक्षा चांगले दिसत होते, हे मी बघितलं आणि बायकोनंही बघितलं असणार. मला ते अजूनही आवडलं नाही. तिनं माझी एक बाही सुटली होती ती ओढून पुन्हा दोन घड्या दुमडली आणि मेहुणीशी जे बोलत होती ते पुढं बोलायला लागली.